धुळाक्षरे

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी इतिहासावर एखादा लेख असतो. होळकरशाही, अहिल्यादेवींचे घाट, इंदूरच्या जुन्या मराठी संस्था, या विषयांवर आपल्यातल्या जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. यंदा संपादकांनी आमच्याकडे लेख मागितला तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही काही इतिहासाचे अभ्यासक नव्हे. स्थापत्याची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलो आणि आजवरचे आयुष्य मोजमाप पुस्तिका, अंदाजपत्रके आणि ठेकेदारांची बिले यांतच गेले. पण नोकरीच्या निमित्ताने मंदसौरला काही वर्षे राहणे झाले. तिथे एका साध्या वस्तूचा इतिहास आम्हाला कळला. ती वस्तू म्हणजे पाटीवरची पेन्सिल. तुम्ही, आम्ही, आपल्या आईवडिलांनी जिने श्रीगणेशा केला, तीच.

आपल्याकडे मुलाला शाळेत घालण्यापूर्वी पाटीपूजन होत असे. पाटावर पाटी ठेवायची, हळदकुंकू वाहायचे आणि मुलाचा हात धरून त्यावर ‘श्री’ काढायचा. आमचा हात आमच्या आजीने धरला होता. साल १९८५, रामबागेतले घर. पेन्सिलीचा करकर आवाज आणि ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा वास अजून आठवतो. पेन्सिल चोरून खाल्ल्याबद्दल मारही खाल्ला आहे.

त्याच्याही आधी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि त्यावर बोटाने नाही तर काडीने अक्षर गिरवायचे. धुळाक्षरे हा शब्द तिथला. दगडी पाटी आणि दगडी पेन्सिल आली तशी धूळपाटी गेली. मुलांच्या हाताखालची धूळ गेली, असे आपण समजलो. ती दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत जात होती, हे आम्हाला मंदसौरला कळले.

मंदसौर आपल्याला परके नाही. इंदूरहून रतलाम, जावरा करत गेले की येते. जुने नाव दशपूर. गुप्तकाळात लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी इथे येऊन स्थायिक झाली. त्यांनी मालव संवत ४९३ मध्ये, म्हणजे इसवी सन ४३७च्या सुमारास, सूर्यमंदिर बांधले आणि पुढे संवत ५२९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. वत्सभट्टी नावाच्या कवीने रचलेला त्यांचा शिलालेख प्रसिद्ध आहे. कारागिरांनी स्वतःच्या पैशाने मंदिर बांधावे आणि आपली हकिगत दगडावर कोरून ठेवावी, असे उदाहरण फारसे सापडत नाही. जवळच सोंदनीला हूणांवर विजय मिळवणाऱ्या यशोधर्म्याचे स्तंभ आहेत. पशुपतिनाथाची अष्टमुखी मूर्ती तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

मराठी माणसाला मंदसौर आठवते ते मात्र तहामुळे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. म्हणजे आपली अनेक घराणी इंदुरात रुजली त्यामागे कुठेतरी मंदसौर आहेच. मंदसौर स्वतः पुढे शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात राहिले.

या मंदसौरच्या आसपास, मुलतानपुरा आणि भोवतालच्या भागात, मऊ पापुद्र्यांचा दगड निघतो. त्यापासून पाटीवरची पेन्सिल बनते. देशातल्या या धंद्याचे मंदसौर हे मोठे केंद्र. कृती अगदी सोपी. खाणीतून लाद्या काढायच्या, त्यांचे तुकडे करायचे आणि विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीवर त्यांच्या सारख्या लांबीच्या काड्या कापायच्या. मग त्या मोजून खोक्यात भरायच्या. करवतीवर पुरुष बसत, भरणीला बायका आणि मुले. कारखाना म्हणजे बहुतेक ठिकाणी एखादी पत्र्याची शेड आणि तीत दोन-चार करवती. विजेची करवत आली तसा माल भराभर निघू लागला आणि धूळही तशीच. करवतीवरचा माणूस संध्याकाळी उठला की भुवया, पापण्या, मिशा सगळे पांढरे. घरी जाताना अंग झटकायचे आणि निघायचे.

जी धूळ झटकता येते ती फारशी घातक नसते. नाकातले केस आणि घशातला ओलावा जाडी धूळ अडवतात आणि खोकल्यावाटे ती बाहेर पडते. घातक असते ती डोळ्यांना न दिसणारी धूळ. मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. पाच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. पेन्सिलीच्या दगडात सिलिका, म्हणजे गारेचाच अंश, भरपूर असतो. शरीरातल्या रक्षक पेशी हे कण गिळतात, पण ते पचत नाहीत. पेशी मरतात, कण मोकळे होतात, दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात आणि त्याही मरतात. या झटापटीत जखम भरताना पडतात तसे वण फुप्फुसात पडत जातात. मऊ स्पंजासारखे फुप्फुस गाठीगाठींचे, कडक होते. पहिल्यांदा चढावर दम लागतो, नंतर सपाट रस्त्यावर, शेवटी अंथरुणात कूस बदलतानाही. काम सोडले तरी आत गेलेले कण बाहेर येत नाहीत, त्यामुळे रोग पुढे सरकतच राहतो. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही.

हा रोग आजचा नाही. युरोपात १५५६ साली खाणकामावर अग्रिकोला याचा मोठा ग्रंथ छापला गेला. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ सात-सात नवरे गमावलेल्या बायका आहेत, असे त्याने नोंदवले आहे. मुलतानपुऱ्यात विधवांची संख्या डोळ्यांत भरावी अशी होती हे आम्ही तिथे ऐकले तेव्हा ती चारशे वर्षांपूर्वीची नोंद आम्हाला ठाऊक नव्हती. नंतर वाचली आणि काही वेळ पुस्तक मिटून बसलो.

१७०० साली इटलीत रामाझिनी नावाच्या वैद्याने कामधंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर पुस्तक लिहिले. त्यात पाथरवटांच्या छातीच्या विकारांविषयी लिहिले आहे. जुन्या वैद्यांनी रोग्याला विचारायच्या प्रश्नांची यादी दिली होती. रामाझिनीने तिच्यात एका प्रश्नाची भर घातली. तुम्ही काम काय करता? सिलिकोसिस हे नाव १८७० साली व्हिस्कोंती या इटालियन डॉक्टरने दिले. पुढे खडक फोडायला यंत्राचे ड्रिल आले. कोरड्या ड्रिलने इतकी माणसे मेली की अमेरिकेतल्या खाणींत त्या यंत्राला ‘विधवा करणारे यंत्र’ असेच म्हणू लागले. ड्रिलमधून पाणी सोडले की धूळ बसते, हा उपायही त्याच काळात सापडला. १९३० साली जोहान्सबर्गला या रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. म्हणजे रोग काय, कशाने होतो आणि कसा टाळायचा, हे सगळे तेव्हाच कळलेले होते.

आपल्या देशात पहिली नोंद कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९३४ साली झाली. म्हैसूर संस्थानाने १९४० साली सिलिकोसिसचे नियम केले. त्यानंतरच्या काही वर्षांत सात हजारांहून जास्त खाणकामगार तपासले गेले, आणि त्यांतल्या शेकडा चाळिसांहून अधिकांना हा रोग निघाला. स्वातंत्र्यानंतर १९४८चा कारखाने कायदा आला. कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत त्याने सिलिकोसिस घातला. असा रोगी दिसला तर व्यवस्थापकाने कळवायचे आणि डॉक्टरनेही मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचे, असे तो कायदा सांगत असे.

मग मंदसौरला इतकी वर्षे काय झाले?

आमच्या तिथल्या कार्यालयात एक शिपाई होता. मुलतानपुऱ्याकडचा. त्याचे वडील करवतीवर होते. एकदा दौऱ्यावर जाताना गाडी त्याच्या घरावरून गेली. चहा घ्यायला थांबलो तेव्हा त्याने एक पिशवी आणून आमच्यापुढे ठेवली. वडिलांचे जुने कागद. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही शिकलेले आहात, यात काय लिहिलेय ते सांगा. आई विचारत असते.” आम्ही डॉक्टर नाही, पण कागद वाचता येतात. एका दवाखान्यात त्यांना तीनदा क्षयाचा पूर्ण कोर्स दिला होता. तीनही वेळा थुंकीत जंतू सापडल्याची नोंद नव्हती. वजन उतरत गेलेले. धंदा या रकान्यापुढे प्रत्येक कागदावर एकच शब्द होता, मजदूर. कसला मजदूर, हे कुठेच नव्हते. माणूस चाळिशीच्या आत गेला. मृत्यूच्या कागदावर कारण क्षय.

आम्ही त्याला म्हटले, क्षय असेलही. सिलिका भरलेल्या फुप्फुसाला क्षय लवकर धरतो, हे खरेच आहे. पण पेन्सिलीच्या धुळीचा आजार असण्याचाही संभव मोठा होता. तो काही बोलला नाही. त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली, “गावात सगळ्यांना माहीत होते, धूळ खाते म्हणून. डॉक्टरने लिहिले नाही एवढेच.”

डॉक्टरने लिहिले नाही एवढेच. आम्ही सरकारी माणसे. न लिहिलेली गोष्ट सरकारदरबारी घडलेलीच नसते, हे आमच्याहून चांगले कुणाला ठाऊक? क्षय लिहिला की तो जंतूचा रोग ठरतो आणि दोष नशिबाचा होतो. सिलिकोसिस लिहिला की कारखान्याला उत्तर द्यावे लागते, निरीक्षकाला यावे लागते, नुकसानभरपाईचा प्रश्न येतो आणि शेजारच्या करवतीवरचा माणूसही तपासावा लागतो. शिवाय कारखाने कायदा लागू होई तो वीज वापरून दहा किंवा जास्त कामगार असतील तर. दोन-चार करवतींच्या शेडला तो लागूच होत नसे.

मंदसौरच्या या रोगाला त्याचे खरे नाव मिळण्यात आपल्या इंदूरचा वाटा आहे, हे मात्र अभिमानाने सांगावेसे वाटते. महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि होळकर महाराजांच्या नावाचे आपले एम. वाय. रुग्णालय इथल्या डॉक्टरांनी पेन्सिल कामगारांना तपासले, त्यांचे एक्स-रे काढले आणि १९७७ साली छातीच्या रोगांवरच्या अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मग अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था मंदसौरला आली. तिने ५९३ कामगार तपासले. त्यांतल्या शेकडा ५४.६ जणांना सिलिकोसिस निघाला. म्हणजे दोघांत एकाहून जास्त. शेकडा १७.७ जणांच्या फुप्फुसात तर वण एकमेकांना मिळून मोठे गोळे झाले होते. हा अभ्यास छापून आला १९८५ साली. त्याच साली रामबागेत आमची आजी आमचा हात धरून ‘श्री’ काढत होती.

नाव मिळाल्यावर गोष्टी हलल्या. मध्य प्रदेश विधानसभेने १९८२ साली स्लेट पेन्सिल कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यातून मंदसौरला कामगारांसाठी कल्याण मंडळ उभे राहिले. अहमदाबादच्या संस्थेने करवतीपाशीच धूळ ओढून घेणारी यंत्रणा तयार करून दिली. करवतीवर झाकण, त्याला नळी, नळीच्या टोकाला पंखा, अशी साधी रचना. आमच्यासारख्या पदविकावाल्याला कागदावर अर्ध्या तासात काढता येईल इतकी साधी. १९८६च्या बालकामगार कायद्यातल्या धोकादायक कामांच्या यादीत पाटीच्या पेन्सिली बनवण्याचे काम घातले गेले आणि त्यात भरणीचाही स्पष्ट उल्लेख झाला. खोकी भरणारी मुलेही तीच हवा श्वासात घेत होती, हे त्यामुळे कायद्याने मान्य केले.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण आपल्याच राज्यातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार या आदिवासी जिल्ह्यांतून हजारो लोक मजुरीला गुजरातेत जातात. गोध्रा आणि बालासिनोरच्या बाजूला गारेचा दगड दळून त्याची पूड करणाऱ्या गिरण्या होत्या. ही पूड काचेच्या धंद्याला लागते. काही महिने काम करून आलेली तरुण पोरे गावी परतून खंगू लागली. मंदसौरला जे दहा-बारा वर्षांत होई ते इथे फार थोड्या काळात झाले, कारण धूळ शुद्ध गारेची आणि बेसुमार होती. पुन्हा तेच. घरोघर क्षयाच्या गोळ्या. २००६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली मरण पावलेल्या २३८ जणांच्या कुटुंबीयांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत आणि ३०४ आजाऱ्यांचे पुनर्वसन मध्य प्रदेशाने करावे, अशी शिफारस केली. भरपाई द्या, असा न्यायालयाचा आदेश झाला मे २०१६ मध्ये. शिफारस आणि आदेश यांत सहा वर्षे गेली. फाइल कशी फिरते हे आम्हाला ठाऊक असल्याने त्या सहा वर्षांबद्दल आम्ही जास्त लिहीत नाही.

वाचकांना वाटेल, हे सारे दूरच्या गावांचे झाले. तर मग आपल्या घरातले सांगतो. आमचे आजोबा इंदुरातल्या एका कापड गिरणीत ब्लो रूमला होते. कापसाच्या गाठी फोडून पिंजायचे खाते. खोलीत सदा कापसाचा भुगा तरंगत असे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेले की त्या दिवशी त्यांची छाती सगळ्यांत जास्त भरून यायची आणि आठवडा सरेल तशी जरा कमी व्हायची. घरात थट्टा होई की यांना सुट्टी मानवत नाही. सगळे म्हणत, विडीमुळे. विडी ते ओढत होतेच. पण सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची खूण आहे आणि इंग्लंडातल्या गिरणी कामगारांत ती फार पूर्वीच नोंदली गेली होती. आजोबांना ती कुणी सांगितली नाही. शेवटची वर्षे ते उशांना टेकून बसल्याबसल्या झोपत.

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांकी निघतात तेव्हा आजही आम्ही मुलांना घेऊन रस्त्यावर उभे राहतो. गिरण्या बंद पडून कित्येक वर्षे उलटली तरी जुने कामगार वर्गणी करून झांकी काढतात. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांना थकबाकी मिळू लागली ती २०२३च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षांनी का होईना, मजुरीचा हिशेब झाला. इंदूरच्या सगळ्या गिरण्यांत मिळून जो कापूस छातीत गेला त्याचा हिशेब कुठल्याच वहीत मांडला गेला नाही.

आता एक गोष्ट स्वतःविषयी. ती लिहू की नको, असा विचार पुष्कळ केला. चार वर्षांपूर्वी आम्ही घराचे काम काढले. ओट्याला ग्रॅनाइट बसवायचे होते. कारागीर अंगणात बसून हातातल्या कटरने ते कोरडेच कापत होता. विशीतला मुलगा, तोंडाला साधा रुमाल. धुळीचा लोट उठला तेव्हा आमच्या आईला खोकला लागला म्हणून आम्ही लगबगीने खिडक्या लावून घेतल्या, दाराखाली ओले फडके सरकवले आणि आत येऊन बसलो. मंदसौर पाहिलेला, शिपायाच्या बापाचे कागद वाचलेला माणूस. ग्रॅनाइटमध्ये गार भरपूर असते हे ज्याला परीक्षेत लिहावे लागले होते, तो. दुपारी जेवताना मुलीने विचारले, “बाबा, तो दादा बाहेरच का बसलाय?” तेव्हा कुठे लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी पाणी लावून कापायला सांगितले. तो म्हणाला, वेळ जास्त लागेल आणि शॉक बसायची भीती असते. दोन्ही खरे होते. मग वेळेचे पैसे वाढवून दिले, जोडणीला ईएलसीबी बसवला आणि शेवटी मोठे तुकडे पाण्याच्या मशीनवर दुकानातूनच कापून आणले. एकूण खर्चात वाढ इतकी थोडी झाली की सांगायला लाज वाटते. ऑस्ट्रेलियात कृत्रिम दगडाचे ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांना हा रोग होऊ लागला म्हणून त्या देशाने १ जुलै २०२४ पासून असे ओटे बनवण्यावर आणि बसवण्यावरच बंदी घातली. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. आपल्या अंगणात काय व्हावे हे तर आपल्याच हातात आहे.

म्हणून मंडळाच्या सभासदांपुढे चार व्यवहाराच्या गोष्टी ठेवतो. घरात फरशी, ग्रॅनाइट वा भिंत कापायची असेल तर ओले कापून घ्यावे आणि ते ठेक्यात आधीच लिहावे. रुमालाने सिलिका अडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो आणि तो घरमालकाने आणून द्यावा. धूळ कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

कुणाला महिनोन्महिने खोकला असेल, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. जोराने फुंकून फुप्फुसाची ताकद मोजण्याची एक तपासणी असते, स्पायरोमेट्री. रक्तदाब मोजण्याइतकी ती सर्रास व्हायला हवी, पण होत नाही. सिलिकोसिस हा दगडाच्या कामाचा रोग. पण श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा जो रोग आहे, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो विडी-सिगारेटने होतो, चुलीच्या धुराने होतो आणि धुळीनेही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ साली त्याने जगात सुमारे ३२ लाख माणसे गेली. आपल्या घरांत त्याला सरसकट दमा म्हणतात आणि खोकल्याच्या बाटलीवर दिवस काढतात.

हे आजार मुळापासून जात नाहीत, पण आवरता येतात. धूर आणि धूळ तोडणे हे पहिले औषध. डॉक्टरांनी पंप दिला तर ‘सवय लागते’ म्हणून तो कपाटात ठेवू नये. पंपाचे औषध थोडे लागते आणि थेट छातीत जाते. मात्र तो ओढायची रीत डॉक्टरांसमोर करून दाखवावी, कारण अनेकांची तिथेच चूक होते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी घ्याव्यात. रोज झेपेल तेवढे चालावे आणि श्वासाचे व्यायाम शिकून घ्यावेत. दगडाचे काम केलेल्या माणसाचा खोकला क्षयासाठी तपासावाच, पण कामाची हकिगतही डॉक्टरांना सांगावी. त्यांनी विचारले नाही तर आपण होऊन सांगावी आणि कागदावर लिहायला लावावी.

शिपायाच्या आईला आम्ही त्या दिवशी काही देऊ शकलो नाही. परत निघताना तिने एवढेच विचारले की आता कागदावर बदलता येईल का. आम्ही नाही म्हटले. सरकारी नियम तेच सांगत होते आणि सांगायला दुसरे काही नव्हते. दशपूरच्या विणकरांनी आपली हकिगत दगडावर कोरून ठेवली म्हणून दीड हजार वर्षांनंतरही आपण त्यांना ओळखतो. मंदसौरच्या पेन्सिलवाल्यांनी तर अक्षर काढायचे साधनच घडवले, आणि त्यांच्या कागदावर धंदा म्हणून राहिला तो नुसता मजदूर.

मंडळाच्या सभागृहाची फरशी येत्या दिवाळीनंतर बदलायची असे ठरते आहे. त्या समितीत आमचेही नाव आहे. ठेक्याच्या मसुद्यात ‘सर्व कटाई पाणी लावून’ ही ओळ घालण्याची सूचना आम्ही लेखी दिली आहे. सभासदांनी तिला अनुमोदन द्यावे, एवढ्या विनंतीसह हा लेख गणरायाच्या चरणी ठेवतो.